नगारखान्याची सनद

पोलीस खात्यातल्या नोकरीत चोऱ्या पाहिल्या, दरोडे पाहिले, खोट्या फिर्यादी तर पोत्यानं पाहिल्या. त्यांतलं बरंचसं विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. पण अंबडच्या ठाण्यावर असताना घडलेली एक घटना आजही आठवते, आणि आठवली की मला एकट्यालाच हसू फुटतं. घरातली माणसं मग एकमेकांकडे बघतात. म्हातारा सटकला असं त्यांना वाटतं. म्हणून ती एकदा लिहूनच काढतो. नावं मात्र कुणाची घेणार नाही. ती माणसं साधी होती आणि त्यांची नातवंडं-पतवंडं त्या गावात आजही नांदत असतील.

काळ निजामाचा. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता; अंबड तालुका औरंगाबादेत मोडायचा. सगळा कारभार उर्दूत चालायचा, आणि आज ज्याला फौजदार म्हणतात त्याला आमच्याकडे अमीन म्हणत. मी अमीन होतो. नवा होतो, उत्साही होतो, आणि आपल्याला माणसं ओळखता येतात असा माझा ठाम समज होता.

एके सकाळी हजेरी आटोपून मी रोजनामचा लिहीत होतो. तेवढ्यात तहसील कचेरीचा चपराशी एका माणसाला घेऊन आला. पन्नाशीचा उंच गडी, स्वच्छ फेटा, पायांत जोडा नाही आणि छातीशी घट्ट धरलेलं हिरव्या रुमालाचं बोचकं. त्याच्यामागून निम्मा बाजार खिदळत आला होता. तो माणूस मात्र रडायच्या बेतात होता.

कुंभार पिंपळगावच्या बाजूला एक गाव आहे. तिथे एक दर्गा आणि दर्ग्यासमोर छोटासा नगारखाना. हा माणूस तिथला नगारची. सकाळ-संध्याकाळ आणि उरुसाला नगारा-सनई वाजवायची, ही त्याच्या घराण्याची पिढीजात चाकरी. त्याबद्दल जुन्या काळी कुणा हाकिमानं त्यांना थोडी जमीन इनाम दिली होती आणि तशी सनद लिहून दिली होती. त्या साली सरकारनं सगळ्या इनामांची तपासणी काढली. ज्याच्याकडे इनाम आहे त्यानं मूळ सनद तहसिलात हजर करावी असा हुकूम निघाला. हा भला माणूस सनदेचं बोचकं डोक्यावर घेऊन, अदब म्हणून अनवाणी, गावाहून अंबडपर्यंत चालत आला.

कारकुनानं रुमाल सोडला. आत खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती.

उर्दूत छापलेली, सुबक, वर एक सिंह आणि खाली मोहरेसारखा मोठा गोल शिक्का. कारकून जातीचा खट्याळ असावा. त्यानं ती भर कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवली. जुनाट खोकला, धाप, म्हातारपणची अशक्तता, सगळ्यांवर हमखास गुण. कचेरी हसून हसून लोळली. तहसीलदार मात्र हसले नाहीत. एक तर हा सरकारची थट्टा करतो आहे, नाही तर अस्सल सनद कुठे तरी विकून वेळ मारून नेतो आहे, असं त्यांनी धरलं आणि तपासासाठी प्रकरण आमच्याकडे धाडलं. सोबत लेखी ताकीद होती: इनामाचे अधिकारी तालुक्याला मुक्कामाला येतील तोवर सनदेचा छडा लागला नाही, तर जमीन सरकारजमा.

जमीन गेली की चाकरी गेली. चाकरी गेली की नगारा बंद. नगारची मला हेच पुन्हा पुन्हा सांगत होता. मग डोळे पुसून त्यानं आपल्या सख्ख्या पुतण्याचं नाव घेतलं.

पुतण्या जालन्याच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. बाप वारलेला. इनामात बापाचा वाटा मागायला तो सुटीवर गावी आला होता आणि चुलत्याशी त्याची चांगलीच जुंपली होती. शिवाय त्या घरात उर्दू वाचता येणारा तो एकटाच. कोणता कागद उचलायचा हे दुसऱ्या कुणाला कळणार, असं चुलत्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. भांडण, गरज आणि अक्कल एका माणसात सापडली की पोलिसाला आणखी काय हवं असतं. मी जवान पाठवून त्याला आणवला आणि हवालातीत बसवला.

मारझोड मला कधीच आवडली नाही. मारानं माणूस बोलतो, पण आपल्याला हवं तेच बोलतो. मी त्याला चहा दिला आणि तीच ती गोष्ट उलटसुलट विचारत राहिलो. त्याचं उत्तर बदललं नाही. वाटा मागितला हे खरं, भांडलो हे खरं, सनदेला हात लावला नाही. शेवटी तो वैतागला.

"साहेब, ज्याला वाचता येतं त्यो चोर आन् येत न्हाई त्यो साव, असा कायदा हाय का?"

मी त्याला गप्प बसवलं. पण रात्रभर ते वाक्य माझ्या कानात कुरकुरत राहिलं.

आमच्या ठाण्याला खबर देणारे दोन-तीन लोक होते. त्यांतला सगळ्यांत कामाचा म्हणजे एक कासार. गावोगाव बांगड्या भरत फिरायचा. पोलीस जातो तेव्हा घरं दारं लावून घेतात. कासार जातो तेव्हा उघडतात. बाईचा हात हातात असला की घरातलं सगळं आपोआप कानावर येतं, असं तो म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. तो त्या गावाहून फिरून आला, ठाण्याच्या ओट्यावर पेटारा टेकवला आणि इकडचं-तिकडचं बोलता बोलता म्हणाला की नगारचीची म्हातारी आई, जिला सारं गाव बडी बी म्हणतं, तिनं पुतण्याला नेलं त्या दिवसापासून अन्नाला हात लावलेला नाही.

नातवाच्या काळजीनं नसेल लावला, मी म्हणालो. कासारानं मान हलवली. म्हातारीनं त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं: पोरगा निर्दोष आहे असं साहेबाच्या कानावर घाल, पण मी सांगितलं असं सांगू नको.

आता हे माझ्या कामाचं होतं. पोरगा निर्दोष आहे असं प्रत्येक आजी म्हणते, आणि ओरडून म्हणते. चोरून सांगते ती काही तरी जाणून असते. शिवाय आणखी एक गोष्ट तोवर माझ्या ध्यानात आलेली होती. शिक्षेची धास्ती घेतलेला माणूस पळतो. घरच्यांची धास्ती घेतलेला जेवण सोडतो.

दुसऱ्या दिवशी एक जवान बरोबर घेऊन मी गावात गेलो. गावच्या पाटलाला पंच म्हणून बोलावलं. हा पाटील हिंदू, शेतकरी, आवाजानं आणि अंगानं भारदस्त. दर्ग्याच्या उरुसात पहिली चादर त्याच्या घरची असायची. आम्ही नगारचीच्या घरात शिरलो. घराला नुकताच चुना दिलेला होता. उरूस तोंडावर आला की हे लोक घर पांढरं करतात. मी पेटी उघडायला सांगितली. सनद ज्यात असायची ती हीच. आत हिरव्या कापडाचा आणखी एक रुमाल होता, रिकामा. धुतलेला, वाळवलेला आणि व्यवस्थित घडी केलेला. नगारचीनं छातीशी धरून आणलेला रुमालही असाच धुतलेला होता, हे मला तेव्हा आठवलं.

मी विचारलं, या दुसऱ्यात काय असायचं? नगारची म्हणाला, जुने पाक कागद. कुराणाची फाटकी सिपारं, आज्याच्या वेळचे ताईत लिहिलेले कागद, असलंच. ते कुठे आहेत? त्याला माहीत नव्हतं. मी कोनाडे पाहिले, फळ्या पाहिल्या, छपराच्या वाशांत खोचलेलं पाहिलं. त्या घरात जुना म्हणून कागदाचा एक कपटा नव्हता.

मी ओसरीवर येऊन बसलो आणि पाटलाला म्हणालो की असा टापटिपीचा चोर मी जन्मात पाहिला नाही. चोर आपल्याला हवं ते निवडून नेतो. हा सगळंच घेऊन गेला. जाताना रुमाल धुतले. आणि सनदेच्या जागी काय ठेवलं, तर सिंहाचं चित्र. फसवणाऱ्याला फसवायचंच असतं, तर त्यानं निदान सनदेसारखा दिसणारा कागद ठेवला असता. पुतण्यानं तर मुळीच ही जाहिरात ठेवली नसती. त्याला ती वाचता येत होती. ही ठेवणाऱ्यानं घरातला सगळ्यांत रुबाबदार कागद निवडला होता. मोठा शिक्का, वर सिंह. त्याला ती खरोखरच सनद वाटली होती.

  बोलता बोलता माझी आणि पाटलाची नजर एकाच दाराकडे गेली. दाराआड बडी बी उभी होती.

तिला ठाण्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. दर्ग्याच्या ओट्यावर चिंचेच्या सावलीत मी तिला बसवलं, पाटलालाही जवळ बसवलं आणि नगारचीला लांब पाठवून दिलं. मी काहीच विचारलं नाही. नातवाला सोडतोय, तो संध्याकाळपर्यंत घरी येईल, एवढंच सांगितलं. ऐकल्यावर तिनं पदर तोंडाशी नेला आणि बोलू लागली.

"साहेब, म्याच केलं. पर चोरी न्हाई केली."

चुना देताना पेटीत ओल गेली होती. तिनं दोन्ही रुमाल उघडून कागद उन्हात घातले. कागद कसले, वाळवीनं चाळण केलेली. हात लावला की तुकडे पडत. त्यातच वाऱ्याची झुळूक आली आणि दोन रुमालांतलं एक झालं. सगळ्यांवर तशीच अक्षरं, सगळ्यांच्या माथ्यावर बिस्मिल्लाचं तसंच वळण. मुसलमान घरांत एक रीत आहे. ज्यावर अल्लाचं नाव आहे असा कागद जीर्ण झाला तर तो केरात टाकायचा नाही, जाळायचा नाही. वाहत्या पाण्यात किंवा विहिरीत अदबीनं सोडायचा. त्याला ते थंडं करणं म्हणतात. सनदेचा कागद मोहरेचा असतो एवढं तिला ऐकून माहीत होतं. प्रत्यक्ष पाहिला नव्हता, कारण तो कायम रुमालात. तिनं ढिगात मोहर शोधली. खऱ्या सनदेची मोहर वाळवीनं केव्हाच खाल्ली होती. पेटीच्या तळाला एक कागद मात्र धडधाकट निघाला. नातवानं जालन्याहून कधी तरी औषधाची बाटली आणली होती, तिच्याभोवतीचा. त्यावर मोहर होती. सिंह होता. तो तिनं निगुतीनं घडी करून रुमालात ठेवला आणि उरलेलं सगळं दर्ग्यामागच्या बारवेत थंडं केलं.

"लेक कचेरीतून रडत आला तवा मला कळलं," ती म्हणाली. "आन् मंग पोराला नेलं. सांगावं तर लेकाची भाकर म्या बुडवली. न सांगावं तर नातू कोठडीत. साहेब, माझ्या घराचं वाजनं म्या माझ्या हातानं पान्यात सोडलं."

मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले आहेत. इतका निर्मळ दुसरा ऐकलेला नाही. पाटील दुसरीकडे तोंड करून फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसत होता.

बारवेत मी एक पोहणारा उतरवला. त्यानं वर काय आणलं, तर गाळ आणि करड्या रंगाचा मूठभर लगदा. हातकागद आणि काजळाची शाई. पाण्यात काय उरणार? पंचनामा झाला. संध्याकाळी पुतण्या घरी आला. नगारचीला आईची हकिगत मीच सांगितली. तो आधी ओरडेल असं वाटलं होतं. पण तो आईजवळ गेला, खाली बसला आणि म्हणाला की निदान अल्लाच्या नावासंगं गेली, वाण्याच्या पुडीला तर गेली न्हाई. मग पुतण्याकडे बघून मान खाली घातली. पुतण्या आडदांड खरा, पण मनानं मोकळा. चुलत्याच्या पाठीवर थाप मारून त्यानं विचारलं, "चच्चा, खोकला कसा हाय आता?" सगळं घर हसलं. बडी बीनं त्या दिवशी भाकरी खाल्ली.

चोरीची केस संपली. सनदेची तशीच होती.

हरवलेली सनद सरकार पुन्हा जारी करतं, पण त्यासाठी दफ्तरातली मूळ नोंद सापडावी लागते. मी औरंगाबादच्या इनाम दफ्तरात चौकशी केली. तिथल्या दफ्तरदारानं मला एक खोली दाखवली. जमिनीपासून आढ्यापर्यंत बासनं. त्यानं विचारलं, कुठल्या हाकिमाच्या वेळची? साल कोणतं? चतुःसीमा काय? एवढं सांगा, उद्या काढून देतो. नुसतं "दर्ग्याचा नगारची" म्हणून शोधायला बसलो तर माझी पेन्शन होईल. अधिकाऱ्यांचा मुक्काम जवळ आला होता. रिकाम्या हातानं मी परत फिरलो.

गावात जाऊन मी नगारचीला विचारलं की बाबा, सनदेत काय लिहिलं होतं त्यातलं काही आठवतं का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला त्याच्या मुलांची नावं विचारत होतो.

"सगळं येतं की, साहेब. दरसाल म्हनतो."

मी जवळजवळ उडालोच. मग कळलं ते असं. उरुसाच्या दिवशी चादर निघण्याआधी नगारची डोक्यावर सनद घेऊन दर्ग्याच्या पायरीवर उभा राहतो आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं म्हणतो. एक कलम झालं की नगाऱ्यावर टोला पडतो आणि सारा गाव एका आवाजात "बराबर" म्हणतो. मग पुढचं कलम. कधी काळी घरात फारशी वाचणारा कुणी असेल. त्याच्यानंतर बापाकडून मुलाकडे ती तोंडानंच आली. अर्थ कुणालाच येत नव्हता. म्हणणं मात्र एका श्वासाचंही चुकत नव्हतं.

मी वही उघडली, टाकाला शाई लावली आणि म्हणालो, म्हणा.

तो म्हणेना. सनद डोक्यावर असल्याशिवाय ती तोंडानं काढायची नाही, असा घराण्याचा नेम. तसं केलं तर ती नुसती बडबड होते आणि बडबडीला "बराबर" म्हणणं गावालाही पाप. मी पाटलाकडे पाहिलं. पाटलानंही मान हलवली. रिकाम्या डोक्याला कसं बराबर म्हणणार, साहेब? मी समजावलं, चिडलो, सरकारचा धाक घातला. वर्दीच्या धाकानं माणसं खोटं बोलताना पाहिली होती. नेम मोडताना पाहिली नाहीत. कागद मिळवायला म्हणणं पाहिजे आणि म्हणायला कागद पाहिजे. मी टाक ठेवून दिला. असल्या अडकित्त्यात मी आयुष्यात पुन्हा सापडलो नाही.

तेवढ्यात घरामागून बडी बी आली. कमरेवर घागर, निथळणारी. ती सरळ लेकापुढे उभी राहिली.

"बारवंचं पानी हाय," ती म्हणाली. "सनद ह्याच्यात हाय. म्या सोडली, मला ठावं हाय. घे डोक्यावर."

 नगारचीनं पाटलाकडे पाहिलं. पाटलानं घागरीकडे पाहिलं, डोक्यावरचा फेटा नीट केला आणि म्हणाला, "बराबर."

पुढे जे झालं तशी जबानी कोणत्याच ठाण्यात झाली नसेल. गावात दवंडी फिरली. शेतातून माणसं आली, चुलीवरचं तसंच टाकून बाया आल्या, कुंभार चाकावरून उठून मातीच्या हातांनी आला. नगारची दर्ग्याच्या पायरीवर घागर डोक्यावर घेऊन उभा राहिला. पुतण्या नगाऱ्यापाशी बसला. मी सतरंजीवर, मांडीवर वही. नगारचीनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

शब्द फारशी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडात घोळून गुळगुळीत झालेले. पण शाळेत मास्तरांच्या छडीखाली शिकलेली फारशी त्या दिवशी मला कामी आली. हाकिमाचा किताब आला. नगाऱ्यावर टोला, गाव म्हणालं, "बराबर." साल आलं. "बराबर." पूर्वेला ओढा, पश्चिमेला पांदण. "बराबर." डोक्यावर घागर डचमळली की पाणी नगारचीच्या खांद्यावर सांडायचं आणि पोरं हसायची, मग बाया त्यांना दटावायच्या आणि स्वतःच हसायच्या. लिहिता लिहिता माझाही पाय तालावर हलायला लागला. माझ्याबरोबरचा जवान तर कधीचाच गावात मिसळून बराबर म्हणत होता. मी त्याला खुणेनं दटावलं. त्यानं पाहिलंच नाही.

सगळ्यांत शेवटी एक कलम आलं, आणि ते फारशी नव्हतं, साध्या बोलीत होतं: खळ्यामागे एक सूप जोंधळा, नगारखान्याच्या लेकीसुनांना. जुन्या सनदा पुष्कळदा दोन भाषांत असत, म्हणून मला त्यात वावगं वाटलं नाही. "बराबर," गाव म्हणालं. मी लिहून घेतलं, खाली गावकऱ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि वही बंद केली.

साल मिळालं होतं, सीमा मिळाल्या होत्या. दफ्तरदारानं बोलल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी बासन काढून दिलं. म्हणण्यातलं साल आणि नोंदीतलं साल एक. ओढा तिथेच, पांदण तिथेच. तहसीलदारांनी माझा अहवाल वाचला. घागरीच्या ओळीवर ते जरा थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि सही केली. अधिकाऱ्यांच्या मुक्कामात इनाम कायम झालं आणि नवी सनद जारी झाली. नवा कोरा कागद, सुवाच्य उर्दू, आणि ठसठशीत, खरी मोहर.

उरुसाला मला बोलावणं आलं. आता सनद उर्दूत होती आणि नव्यानं आली होती, म्हणून पहिल्यांदा ती साहेबांनीच वाचावी असा गावाचा आग्रह. मी वर्दीवर गेलो. दर्गा झेंडूनं मढवलेला. नगारचीनं नवी सनद डोक्यावरून उतरवून माझ्या हातात दिली. मी एकेक कलम वाचलं. पुतण्याचा टोला पडे आणि हजारो माणसांचं "बराबर" दर्ग्याच्या भिंतीवर आदळून परत येई. पूर्व, पश्चिम, चाकरी, वंशपरंपरा. मी शेवटची ओळ वाचली आणि थांबलो.

लोक वाट बघत होते.

मी कागद उलटून पाहिला. पुढे काही नव्हतं. खळ्यामागे सूप जोंधळ्याचं कलम नव्या सनदेत नव्हतं, कारण ते दफ्तरातल्या नोंदीतही नव्हतं. ते हाकिमानं कधी दिलंच नव्हतं. कधी तरी, कुणा तरी सालात, गावानंच ते मागून जोडलं होतं, आणि इतकी वर्षं सरकारी कागद समजून पाळलं होतं. हे मला कळायला एक क्षण लागला. तेवढ्यात पायरीखालून बडी बीचा आवाज आला.

"साहेब, आमचं कलम राह्यलं. ते माझ्याच हातानं पान्यात गेलं का?"

तिचा चेहरा पाहवत नव्हता.  मला वाचवलं ते पाटलानं. तो माझ्याशेजारी पायरीवर चढला. त्याला सगळं कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"न्हाई बडी बी," तो म्हणाला. "कागदात ते कवाच नव्हतं. ते सरकारचं न्हाई, आमचं हाय. आमचं कसं पान्यात जाईल?"

आणि त्यानं आपल्या भरड आवाजात स्वतः ते कलम म्हटलं. खळ्यामागे एक सूप जोंधळा, नगारखान्याच्या लेकीसुनांना. पुतण्यानं टोला असा हाणला की चिंचेवरची पाखरं उडाली. मग गाव जे गरजलं, तसं आधीच्या कुठल्याच कलमाला गरजलं नव्हतं. बडी बी हसत होती आणि रडत होती, आणि अंगावर सरकारची वर्दी असताना, सरकारच्या कागदात नसलेल्या कलमाला मीही सगळ्यांबरोबर "बराबर" म्हणालो.

या केसनं मला काय शिकवलं असं कुणी विचारेल. पुष्कळ शिकवलं. कागद गेला म्हणजे चोर आला असं धरू नये. ज्याच्यावर वहीम आहे त्याच्यापेक्षा जो जेवत नाही त्याच्याकडे आधी बघावं. आणि जबानी घेताना माणूस जे सांगेल ते सगळं लिहावं, आपल्याला कामाचं वाटेल तेवढंच लिहू नये. हे शेवटचं मी नोकरीभर पाळलं. त्या गावाची जबानी माझ्या अहवालाला जोडून औरंगाबादच्या दफ्तरात गेली. तिच्यात ते कलम माझ्या अक्षरात आहे आणि त्याखाली अख्ख्या गावाचे अंगठे आहेत. नोंदीशी ताडून पाहणाऱ्या कारकुनानं त्यावर लाल शाईनं एक आडवी रेघ ओढली होती. मी ती पाहिली आणि त्याला म्हणालो, असू द्या, नुसतं वाचता येईल एवढं राहू द्या. तो भला माणूस होता. त्यानं राहू दिलं.